भिंत, उतरवण्याआधी

चित्रकार म्हणून माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका जाड कागदाच्या निमंत्रणपत्रिकेवर. 'साबिनो उस्कामाय्ता: भौमितिक अमूर्त चित्रं.' कुस्कोतलं ते चित्रदालन चालवणाऱ्या इवोनबाईंनी पत्रिका माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी विचारलं, "यातलं अमूर्त कुठलं?"

"काका, तुम्ही आकृत्या काढता ना. चौकोन, पंचकोन, तो एक बाराकोनी."

"मी दगड काढतो," मी म्हणालो. "यातला प्रत्येक दगड मी उचललाय. एकानं माझं नख नेलं. अमूर्त असता तर नख राहिलं असतं."

त्या हसल्या आणि ते वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं. शहरातली माणसं माझं काहीही लिहून घेतात. घरी मात्र ऐकायलासुद्धा कोणी नाही. आसुन्ता जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नाय्दा आरेकीपाला आपल्या संसारात आहे, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते आणि ठेवते. मी एकटा आहे हे मला कोणी सांगायला नको. भांड्यात दोनच बटाटे टाकले की ते एकमेकांवर आपटत राहतात, तेवढ्या आवाजात रोज कळतं.

चित्रं आली ती नोकरीतून. एकतीस वर्षं मी वायराकंचा या पुरातन वस्तीच्या पडक्या भिंती पुन्हा उभ्या करणाऱ्या टोळीत होतो. आमच्या पूर्वजांनी दगड एका मापाचे कधी कापले नाहीत. दर दगड त्याच्या शेजाऱ्याला बघून घडवलेला, एकाला पोट तर दुसऱ्याला खोबण, मध्ये चुना नाही, माती नाही, केसभर फट नाही. अशी भिंत दुरुस्त करायची तर आधी उतरवावी लागते, आणि उतरवण्याआधी दर दगडावर चुन्याच्या पाण्यानं आकडा घालावा लागतो. नाहीतर परत लावताना कोण कुठला हे बांधणाऱ्यांनासुद्धा सांगता आलं नसतं. आकडे घालायचं काम माझं होतं. मी डावरा, पण अक्षर वळणदार. एकेका दगडापुढे उभा राहून मी त्याचे कोपरे इतके बघितले आहेत, की निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना. उरलेसुरले रंग घेतले, फळ्या घेतल्या आणि दगड काढत सुटलो. एका दगडाला एकच सपाट रंग. मातीचा पिवळा, कोशिनीलच्या किड्यांचा लाल, निलगिरीच्या सालीचा राखी. दोन दगडांच्या मध्ये एक काळी रेघ, तीही दिसेल न दिसेल अशी.

प्रदर्शनात अकरा चित्रं होती. दहा चित्रं हाताला चाळा म्हणून झाली. अकरावं मात्र मी एका माणसासाठी काढलं. दोन वाव, म्हणजे बाराएक फूट लांब कापडावर त्रेचाळीस दगड, नाव 'भिंत, उतरवण्याआधी'. तो माणूस मेलितोन पुमा. पत्रिकेवर याच चित्राचा फोटो छापा असा हट्ट मी इवोनबाईंपाशी धरला, आणि एक पत्रिका पाववालीच्या हाती वरच्या वाडीत त्याला पाठवून दिली.

मेलितोन आमच्या टोळीतला दगडफोड्या. एखादा दगड हरवलाच असेल तर त्याच्या जागी नवा घडवायचं काम त्याचं, आणि जुना दगड साखळीवरून खाली येताना खालून हात लावून त्याला बसवायचंही त्याचंच. नाय्दाचं जावळ त्यानं काढलं. आमच्याकडे जावळाची पहिली बट जो कापतो तो पोराचा धर्मबाप, आणि त्या दिवसापासून पोराचा बाप आणि तो एकमेकांचे कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. एकोणीस वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही.

झालं ते असं. वायराकंचाची खालची लांब भिंत झऱ्याच्या पाण्यानं पोटातून फुगली होती. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती उतरवायची ठरली. त्या महिन्यात धरणी भुकेली असते, तिला पाजल्याशिवाय कोणी पहार उचलत नाही. कोकाची पानं वाहून झाली आणि मक्याच्या दारूचं, म्हणजे चिचाचं, मडकं मेलितोननं उचललं, कारण टोळीत वडीलधारा तोच. बाकीचे पायथ्याशी चार थेंब शिंपडतात. मेलितोनचं मन मोठं, त्यानं भिंतीच्या माथ्यावरून धार धरली. माझे आकडे तासाभरापूर्वीचे, ओलेच. तेवीस आणि चोवीस वाहून गेले.

कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दुपारी आठवून दोन्ही पुन्हा घातले. ते दगड समोरून बघाल तर जुळे भाऊ, फरक फक्त खालच्या एका कोपऱ्यात. मला खात्री नव्हती, पण आकडे घालणाऱ्यानं 'बहुतेक' म्हणायचं नसतं, म्हणून मी मूग गिळून बसलो.

नोव्हेंबरात परत लावताना तेविसाच्या जागेवर आकड्याप्रमाणे दगड बसवला. जरा डुगडुगला, पाचर मारली. मग चोवीस आकड्याचा साखळीला लावला, तर त्याचा कोपरा बोटभर अडला. मला तिथंच कळलं, मी अदलाबदल केली होती. उपाय साधा होता. सांगायचं, दोन्ही काढायचे, जागा बदलायच्या. दोन दिवसांचं काम, आणि सगळ्या टोळीपुढे माझी नाचक्की. दगड तीन वाशांच्या तिकाटण्याला लटकत ठेवून सगळे खाली जेवायला गेले. मी म्हणालो, माझं पोट बरं नाही. मेलितोनची रुंद छिन्नी त्याच्या पोंचोखाली ठेवलेली होती.

जुन्या दगडाला छिन्नी लावायची नाही, हा आमचा पहिला नियम. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी तो कोपरा शेजारच्या दगडासाठी घासून घासून घडवला असेल. मी अर्ध्या तासात उडवला आणि चिपा खिशात घातल्या. जेवणानंतर दगड अलगद बसला. मेलितोन खालून हात लावून होता. तो काहीच बोलला नाही.

तीन आठवड्यांनी कामावर देखरेख करणाऱ्या साहेबाच्या नजरेला ती कड आली. जुना दगड काळवंडलेला असतो, ताजी कड पांढरी दिसते. टाके रुंद छिन्नीचे होते आणि रुंद छिन्नी टोळीत एकाकडेच होती. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं. मेलितोन म्हणाला, "मी नाही." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या वहाणांकडे बघत होतो. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं, आणि तो खाली कॉफीच्या मुलखात निघून गेला. तिथं कोणी त्याला ओळखत नव्हतं, आणि तिथं दगडाचं कामही नाही.

माझी बाजूही सांगतो. इतकी वर्षं मी स्वतःला म्हणत आलो की चिचा त्यानंच ओतली. निम्मी चूक त्याची. रात्री झोप यायला हे पुरायचं. मग आसुन्ता गेली आणि पुरेना. तीन वर्षांपूर्वी कानावर आलं की मेलितोन परत आलाय, वरच्या वाडीत भाचीकडे राहतो. माझ्या घरापासून दोन तासांची चढण. ती मला चढवली नाही.

म्हणून चित्र काढलं. त्यात तेवीस तेविसाच्या जागी आहे आणि चोवीस चोविसाच्या. कोपरा शाबूत. हे जगात फक्त एका माणसाला ओळखता आलं असतं. तो येईल, चित्रापुढे उभा राहील, त्याला कळेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. माझा हिशेब असा सोपा होता.

उद्घाटनाला पुष्कळ माणसं आली. पेले किणकिणले, भाषणं झाली. एका चष्मेवाल्या मुलीनं माझ्या चित्रांत रिकामपण आहे असं म्हटलं आणि मी मान डोलावली, कारण माझं लक्ष दाराकडे होतं. मेलितोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी पहाटेची गाडी धरून पुन्हा शहरात गेलो आणि चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशीही. रखवालदार विल्बर पहिले दोन दिवस मला चित्रकार म्हणून मान देत होता. मग त्यानं खुर्ची हलवायला सांगितलं, कारण झाडता येत नव्हतं.

"काका, कोणाची वाट बघताय?" त्यानं दुसऱ्या आठवड्यात विचारलं.

"कोणाची नाही."

"मग घरी का नाही जात?"

"घरी तरी कोण आहे," मी म्हणालो. त्यानं त्याच्या डब्यातलं उकडलेलं कणीस मोडून अर्धं मला दिलं.

तीन आठवडे असेच गेले. प्रदर्शन शनिवारी उतरणार होतं. शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास दारात एक बाई आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागून एक म्हातारा पाय चाचपत येत होता, टोपी छातीशी धरलेली. डोळे दुधासारखे पांढरे. मी त्याला चालीवरून ओळखलं नाही, ती चाल त्याची नव्हतीच. हातावरून ओळखलं.

त्याला दिसत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. आंधळ्या माणसाला मी चित्राचा फोटो छापून पाठवला होता.

"मामा, ते इथंच आहेत," भाची म्हणाली. "खुर्चीत बसलेत."

"बसलाय?" मेलितोन म्हणाला. "पूर्वी मी आलो की उठायचा."

मी उठलो. भाचीनं, फिलोमेना तिचं नाव, त्याला बाकावर बसवलं. "मी बाजार करून येते. गाडी चारला आहे, मामा. नंतरची थेट साडेपाचला. मी आले की लगेच निघायचं, बोलत बसू नका." माझ्याकडे तिनं धड बघितलंही नाही. ती गेली आणि आम्ही दोघं उरलो.

"डोळे कधी गेले?" मी विचारलं. एकोणीस वर्षांनी मला सुचलं ते हे.

"चार वर्षं झाली. दगडाच्या कण्या कमी का खाल्ल्या त्यांनी? आणि बरं झालं म्हण, तुझी चित्रं बघायची वेळ टळली." त्यानं मान वळवून हवेचा वास घेतला. "फिलोमेनानं पत्रिका वाचून दाखवली. म्हणाली, मामा, नुसते रंगीत तुकडे आहेत, गोधडीसारखे. मी म्हटलं, नाव वाच. नाव ऐकलं आणि कळलं कुठली भिंत ते. तीन आठवडे मनाशी भांडलो. मला चित्रापाशी ने."

मी त्याचं कोपर धरलं. त्यानं झटकलं नाही. चित्रापाशी पोचताच त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"आजोबा, हात लावायचा नाही," विल्बर लांबून म्हणाला.

"आयुष्यभर भिंतींना हात लावला, पोरा. कोणी अडवलं नाही."

"माझं चित्र आहे," मी विल्बरला म्हणालो. "लावू दे."

मेलितोनची बोटं डावीकडून उजवीकडे गेली, मग वर, मग खाली. तो सांधे शोधत होता. "कापड आहे," तो म्हणाला. "काहीच लागत नाही हाताला. सांधे कुठायत?"

"लागायचे नाहीत. रेघ फार बारीक आहे."

"सांधा हाताला लागत नाही म्हणजे चांगला बसलाय." तो बाकाकडे वळला आणि चाचपत बसला. "चल, वाच."

"काय वाचू?"

"भिंत वाच. तू आकडे घालायचास तशी. खालून, डावीकडून. एक एक."

मला हे नको होतं. बोलावं लागू नये म्हणून तर मी आठ महिने रंग घोटले होते. पण तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि मी वाचायला लागलो. एक, पिवळा, रुंद, पायाचा. दोन, राखी, त्याच्या डाव्या खांद्यावर खोबण. तीन, लाल, पाचकोनी.

"सासू कितवी?" त्यानं मध्येच विचारलं. कितीही माणसं लावली तरी जागची न हलणाऱ्या दगडाला आम्ही सासू म्हणायचो.

"नऊ."

"रंग कुठला दिलास तिला?"

"काळा."

तो हसला. दात फार उरले नव्हते, पण हसू तेच होतं, आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की पुढचे दगड मी भराभर वाचले. बेडूक, सतरा. पासलिया, एकोणीस, नेहमी कुशीवर पडणारा, ज्यानं माझं नख नेलं. प्रत्येकाला मेलितोन मान हलवत होता, डोळ्यांपुढे भिंत चढत असल्यासारखी. बावीस झाला.

"तेवीस," मी म्हणालो आणि थांबलो.

"रंग?"

"लाल."

"आकार?"

विल्बर खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. मी म्हणालो, "भिंतीत आहे तसा नाही. याचा खालचा कोपरा शाबूत आहे." मेलितोननं मान माझ्याकडे वळवली. "तो मी उडवला होता. तुझ्या छिन्नीनं. जेवणाच्या सुट्टीत. आकडे वाहून गेले होते, मी आठवून घातले आणि उलटे घातले." इथं थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "चिचा तू ओतली होतीस."

"म्हणजे मीच केलं."

"नाही."

"धरणीला ओतली मी. तुझ्या चुन्यावर ओतायला माझं काय बिघडलं होतं? एक हाक मारायचीस, म्हाताऱ्या, माझे आकडे प्यायलास म्हणून. हसलो असतो दोघं. पुन्हा मोजले असते." तो अंगठा तर्जनीवर घासत होता, जशी कड तपासतात तसा. "आणि मला नवीन काय सांगतोस? दगड खाली येत होता तेव्हा हात कोणाचा होता खाली? टाके उलट्या बाजूनं आले होते. टोळीत डावरा एकच."

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो. "माहीत होतं तर साहेबाला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोरीचं जावळ काढलंय मी. कोंपाद्रेचं नाव मी परक्या माणसापुढे घेऊ? ते तू घ्यायचं होतंस, स्वतःचं." आवाज चढला नव्हता त्याचा. "मी फाट्यावर थांबलो त्या दिवशी. म्हटलं, सगळ्यांसमोर नाही जमलं, आता येईल मागनं. दोन ट्रक सोडले."

मी गप्प राहू शकलो असतो. हे त्याला कधीच कळलं नसतं. "माहीत आहे," मी म्हणालो. "वरच्या टप्प्यावरून दिसत होतास. तू तिसऱ्या ट्रकमध्ये चढेपर्यंत मी बघत होतो."

त्याचा घासणारा अंगठा थांबला. "बघत होतास," तो शेवटी म्हणाला. "हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू भिंतीआड तोंड लपवून बसला असशील. वाटायचं, त्याला दिसलो असतो तर आला असता."

मला माफी मागायची होती. मागितली नाही, कारण त्याच्या त्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याला पुसायचं नव्हतं. आम्ही दोघं म्हातारे एका भिंतीपुढे बसून राहिलो. मी एकटा आहे असं मी लोकांना सांगत आलो. एकोणीस वर्षं एकटा तो होता. मी फक्त लपलेलो होतो.

फिलोमेना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली. "मामा, उठा. चारची गाडी चुकेल."

मेलितोननं टोपी चाचपली, डोक्यावर चढवली, उभा राहिला आणि तिचा खांदा हातानं शोधला. मी सरकून वाट दिली. तो दोन पावलं गेला.

"किती राहिले?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"काय?"

"दगड."

मी चित्राकडे बघितलं. "वीस."

"मामा," फिलोमेना म्हणाली, "नंतरची थेट साडेपाचला आहे."

"माहीत आहे मला. ही गाडी जाऊ दे." त्यानं पायानं बाक शोधला, बसला आणि टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "तेविसापर्यंत झालं होतं आपलं. पुढे वाच."

"चोवीस," मी म्हणालो.